भाकरीचे पाच वाटे

वर्तुळात पंचकोन काढायला आपण सगळेच पहिल्या वर्षी शिकलो. शीट सबमिट झाली, ड्राफ्टर ज्युनिअरला विकला, विषय संपला! पण होस्टेलवर हीच भूमिती रोज लागते, हे आपल्या लक्षात येत नाही.

सुट्टी संपली की कुणी हिंगोलीहून येतं, कुणी वसमतहून, कुणी कळमनुरीहून. डब्यात ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रूममध्ये माणसं पाच आणि भाकरी उरते एक. दोघांत अर्धी-अर्धी, चौघांत चतकोर, हे सहज जमतं. पाचवा आला की घोळ! मग अंदाजाने तुकडे मोडतात, आणि "मला फारशी भूक नाही" म्हणणाऱ्याच्या वाट्याला नेमका सगळ्यात लहान तुकडा येतो.

याचं उत्तर आपल्या महाराष्ट्राशी नातं असलेल्या पुस्तकात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. कॉन्व्हेंटमध्ये मला लीलावतीचं फक्त नाव माहीत होतं. आत बघितलं तर चक्क तयार आकडे! वर्तुळाचा व्यास १,२०,००० धरला, तर आत बसणाऱ्या समभुज त्रिकोणाची बाजू १,०३,९२३, चौरसाची ८४,८५३, पंचकोनाची ७०,५३४ आणि षटकोनाची ६०,०००.

आता भाकरीचा व्यास २० सें.मी. धरा. २० × ७०,५३४ ÷ १,२०,००० म्हणजे साधारण पावणेबारा सें.मी. तेवढा दोरा घ्या, ताणून सरळ धरा आणि कडेवर एकापुढे एक पाच खुणा करा. मध्य शोधायला भाकरीएवढा गोल कागद कापून दोनदा घडी घाला. घड्या जिथे छेदतात तो मध्य. खुणा मध्याला जोडल्या की पाच समान वाटे तयार. सात जणांसाठी भास्कराचार्यांचा आकडा ५२,०५५ आहे, कॅलक्युलेटर ५२,०६६ दाखवतो. भाकरीवर हा फरक केसाएवढासुद्धा नाही!

वाढदिवसाच्या चौरस केकचं भांडण वेगळं असतं. तिथे नुसता केक नाही, कडेचं क्रीमपण सारखं हवं. २० सें.मी. बाजूच्या केकचा घेर ८० सें.मी., म्हणून पाच जणांना प्रत्येकी १६ सें.मी. कड. एका कोपऱ्यापासून दर १६ सें.मी. वर खूण करा आणि सगळ्या खुणांपासून मध्यापर्यंत सुरी चालवा. काही तुकडे कोपऱ्यावर वळतील, वेडेवाकडे दिसतील, पण घाबरू नका. मध्यापासून चारही बाजू १० सें.मी. वर आहेत, म्हणून प्रत्येक तुकड्याचं क्षेत्रफळ अर्धा × १६ × १० = ८० चौ. सें.मी. च येतं. केकही सारखा, क्रीमही सारखं. आयताकृती केकला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तिथे हे अंतर सगळीकडे सारखं नसतं.

आणि गोल थालीपीठ कापताना मध्यच चुकला तर? दोघंच खाणारे असाल तर चिंता नाही. चुकलेल्या बिंदूतूनच ४५ अंशांवर चार सरळ काप द्या. आठ तुकडे होतील. एक सोडून एक तुकडा उचला, दोघांना बरोबर निम्मं मिळतं. हा प्रश्न एल. जे. अप्टन यांनी १९६७ मध्ये एका गणिताच्या मासिकात विचारला होता. दुसऱ्याच वर्षी मायकेल गोल्डबर्ग यांचं उत्तर छापून आलं. दोनच काप देऊन चार तुकडे केले तर मात्र हा नियम लागू होत नाही.

अर्थात हे सगळं हिशोब क्षेत्रफळाचे. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ असेल, किंवा एक बाजू करपली असेल, तर दोरा काय करणार? त्यासाठी एक जुना नियम आहे: जो कापेल, त्याने शेवटचा तुकडा घ्यायचा. मग बघा, हात आपोआप किती नीट चालतो! आणि भूक नाही म्हणणाऱ्याला पहिला तुकडा उचलू द्या. बहुतेक वेळा त्यालाच सगळ्यात जास्त भूक असते.