पहिल्या वर्षाचं शिक्षण वाया जाऊ देऊ नका



बारावी झाली की आपण मुलीला कॉलेजात घालतो. पहिलं वर्ष पार पडतं आणि स्थळ येतं. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात जाते. शिक्षणाचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "आता पुन्हा पहिल्यापासून कोण करणार?" पण पहिल्यापासून करायची वेळ येऊ नये, अशी सोय आता झाली आहे. ती कशी चालते आणि कुठे अडते, ते आज समजून घेऊ.

पूर्वी कॉलेज बदलायचं म्हणजे गुणपत्रक, टीसी, विद्यापीठही बदललं तर मायग्रेशन सर्टिफिकेट, असा कागदांचा गठ्ठा लागायचा. त्यासाठी जुन्या कॉलेजात हेलपाटे घालावे लागायचे. सासर दोनशे किलोमीटरवर असेल तर हे हेलपाटे घालणार कोण? तिथेच शिक्षण सुटायचं.

2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली. नावात बँक आहे, पण इथे पैसे नसतात, श्रेयांक असतात. श्रेयांक म्हणजे शिकण्याचं माप. एका सत्रात एखादा विषय वर्गात पंधरा तास शिकला की एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. अर्थात परीक्षा पास झाली पाहिजे. वर्षाला साधारण चाळीस श्रेयांक होतात.

हे आपल्या गटाच्या पासबुकासारखंच आहे. बचत आपली, पण नोंद आपण आपल्या हाताने करत नाही, गटाच्या वहीतून होते. तसंच श्रेयांक मुलीचे, पण ते तिच्या खात्यात जमा करतं विद्यापीठ किंवा कॉलेज. मुलीला ते स्वतः टाकता येत नाहीत. त्यामुळे खोटी नोंद होत नाही आणि नव्या कॉलेजला जुन्या कॉलेजची नोंद थेट संगणकावर पाहता येते. त्यातले कोणते श्रेयांक धरायचे, हे नवं कॉलेज विषय ताडून ठरवतं.

हे श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालतात. म्हणजे बाळंतपणासाठी दोन-तीन वर्षं थांबलेली मुलगीही परत येऊ शकते. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष झालं की प्रमाणपत्र, दोन वर्षांची पदविका, तीन वर्षांची पदवी अशा पायऱ्या आहेत. मधेच बाहेर पडताना एखादा छोटा कौशल्य अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो, तो कोणता हे कॉलेजात विचारा. मात्र 2021-22 च्या आधी शिकलेल्यांचे श्रेयांक या बँकेत येत नाहीत.

खातं डिजिलॉकरमधून उघडता येतं. पैसे लागत नाहीत. बारा आकडी क्रमांक मिळतो, त्यालाच आता अपार क्रमांक म्हणतात. तो कॉलेजात द्यायचा.

आता अडचणी कुठे येतात ते ऐका.

पहिली, मोबाईल नंबर. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा वडिलांचा किंवा भावाचा असतो. मुलगी सासरी आणि ओटीपी माहेरी! वडील शेतात, फोन घरात, तोवर ओटीपीची मुदत संपते. लग्नाआधीच आधार केंद्रावर जाऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. सेवा केंद्रावर खातं उघडलंत तरी तिथल्या माणसाचा नंबर टाकू देऊ नका. सहा आकडी पिन मुलीनेच ठरवावा आणि तिच्याकडेच ठेवावा.

दुसरी, नाव. लग्न झालं की आधारवर लगेच सासरचं नाव लावायची घाई होते. पण कॉलेजात नाव माहेरचं आणि आधारवर सासरचं असेल, तर नोंद जुळत नाही आणि श्रेयांक अडकतात. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. पदवी हातात येईपर्यंत नाव आहे तेच राहू द्या. आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र घेऊन कॉलेजच्या कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या.

तिसरी, नोंद न होणं. प्रत्येक सत्राचा निकाल लागला की खातं उघडून पाहा. श्रेयांक दिसत नसतील तर लगेच कॉलेजला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलगी गावात असते तोवर हे काम एका दिवसाचं असतं, सासरी गेल्यावर तेच महिन्याचं होतं.

डिजिलॉकरमध्ये विद्यापीठाकडून आलेलं गुणपत्रक कायद्याने मूळ कागदाइतकंच ग्राह्य आहे. मात्र आपण फोटो काढून टाकलेल्या कागदाला तो मान नाही. आणि एक सांगते, घरातले कागद जपूनच ठेवा. प्रवेशाच्या वेळी टीसी आणि मायग्रेशन अजूनही मागतात.

आपण लग्नाच्या याद्या करतो, भांडी मोजतो, साड्या मोजतो. त्या यादीत चार ओळी वाढवा: गुणपत्रकं, टीसी, अपार क्रमांक, तिच्या नावाचा मोबाईल. आणि बोलणी करतानाच विचारा, सासरजवळ कॉलेज कोणतं आहे. पाहुणे या प्रश्नाने रागावत नाहीत, आणि रागावलेच तर तेही आधी कळलेलं बरं.

येत्या बैठकीत प्रत्येकीने घरातल्या कॉलेजच्या मुलीचं, सुनेचं खातं उघडलं आहे का, ते विचारून वहीत लिहा. अर्धवट राहिलेली सून घरात असेल तर तिचं पहिल्या वर्षाचं गुणपत्रक पेटीतून बाहेर काढा. सात वर्षांचा हिशेब करा. कदाचित अजून वेळ गेलेली नसेल.