बॅटरीवरचा आळ

पद्मिनी किंवा ॲम्बॅसडर यांसारखी जुनी मोटार सकाळी किल्ली फिरवताच नुसती कण्हून गप्प बसली, की शेजाऱ्यापासून मिस्त्रीपर्यंत सर्वांचा निकाल एकमुखाने ठरलेला असतो, "बॅटरी गेली!", आणि मालक निमूटपणे नवी बॅटरी आणून, तीही पुन्हा उतरली म्हणजे, कपाळाला हात लावतो. वास्तविक बॅटरी ही विजेची केवळ साठवण. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर जे जमा करील तेवढेच ती खर्चास देणार.

तपासाला साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट आढळले तर ती पूर्ण भरलेली आणि १२ च्या खाली गेली तर रिती समजावी. परंतु खरी साक्ष मिळते ती इंजिन चालू करून वेग किंचित वाढविल्यावर. तेव्हा आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान राहिला तर अल्टरनेटर निर्दोष, साडेबाराच्या वर सरकेचना तर चार्जिंग होतच नाही, आणि १५ च्या पलीकडे गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरीचे पाणी आटवीत आहे, असे खुशाल समजावे.

तथापि चार्जिंग होत नाही एवढ्यावरून अल्टरनेटर उतरविण्याची घाई करू नये. पट्टा ढिला असतो, टर्मिनलवर पांढरा-निळसर क्षार साचलेला असतो, कार्बन झिजलेले असतात. आणि पुष्कळ जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा प्रारंभीचा प्रवाह डॅशबोर्डावरच्या तांबड्या दिव्यातूनच जात असल्यामुळे, तो क्षुल्लक बल्ब उडाला तरी सुस्थितीतले यंत्र निष्क्रिय राहते. म्हणून किल्ली फिरवताच तो दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो की नाही, हे आधी पाहावे. चालू इंजिनावर, हेडलाइट लावून, अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टर्मिनल यांच्यामध्ये ०.२ व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर दोष गंजलेल्या अर्थिंगचा. दिवसा चार्जिंग उत्तम आणि सकाळी बॅटरी रिती, अशी तक्रार असेल तर मात्र डिकीत जळत राहिलेला दिवा अथवा अल्टरनेटरमधला निकामी डायोड शोधावा.

डायनामोच्या जमान्यातले काही मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून परीक्षा घेतात. अल्टरनेटरच्या गाडीत त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळून डायोड जळू शकतात. तेव्हा कितीही अनुभवी हात असला तरी ती तार काढू देऊ नका.