नरक्या वाचवायचा तर गावाची नोंदवही उघडा

सह्याद्रीच्या डोंगरात नरक्या नावाचे लहानसे झाड वाढते. फुलांच्या उग्र दुर्गंधीमुळे त्याला हे नाव पडले. पण याच झाडाच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य असते. त्यापासून तयार होणारी औषधे अंडाशय, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर वापरली जातात.

हे द्रव्य १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळे केले. १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांना ते नरक्यातही सापडले. तेव्हापासून या झाडामागे शुक्लकाष्ठ लागले. नुसते खोड तोडले तर बुंध्याला पुन्हा फुटवे येऊ शकतात. मुळासकट उपटले की झाडही जाते आणि उद्याचे बीही जाते. तोडणाऱ्या मजुराच्या हाती एका दिवसाची मजुरी पडते, नफा मात्र दूर कुठेतरी जमा होतो.

मग औषध थांबवायचे का? नाही. वॉल आणि वाणी यांनीच १९७१ मध्ये ज्या यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल शोधले, त्याचे उदाहरण पाहा. आधी साल काढण्यासाठी झाडे मारली जात. पुढे लागवडीच्या झाडांची पाने आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी यांतून औषध मिळू लागले. नरक्याचीही रोपवाटिका आणि लागवड हाच मार्ग आहे.

कायदाही हाताशी आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते. गावातील झाडे, प्राणी आणि त्यांविषयीचे ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत लिहिणे हे तिचे काम. व्यापारासाठी वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून ती शुल्कही घेऊ शकते. या समित्यांना मार्गदर्शन करणाऱ्या महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

पंचशीलातील दुसरे शील सांगते, न दिलेले घेऊ नये. गावाला न विचारता नेलेले झाडही त्यातच येते. म्हणून सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत दोन प्रश्न विचारा : आपली समिती शेवटची कधी बसली? नोंदवही कुठे आहे? उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. ज्या झाडाची नोंदच नाही, ते चोरीला गेले हे सिद्ध कसे करणार?