दातेरी कडेची डबी

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरचा जुना कागद उचलला, की कधी कधी त्याखाली चिकटलेली एक गडद तपकिरी डबी दिसते. लांबी जेमतेम ८ मिलिमीटर, राजम्याच्या दाण्याहून लहान. झाडून टाकण्याआधी ती क्षणभर उजेडात धरा. एका कडेला करवतीसारखे बारीक दाते दिसतील. घरात आढळणाऱ्या मोठ्या, तांबूस झुरळाची (पेरिप्लॅनेटा अमेरिकाना) ही अंड्यांची डबी. आत साधारण १४ ते १६ अंडी, दोन रांगांत उभी!

मादी ही डबी घडवते ते तर फारच विलक्षण. तिच्या पोटात दोन ग्रंथी असतात. डावीतून प्रथिनांचा रस येतो. त्यात आवरण कडक करणारं द्रव्य असतं, पण साखरेच्या रेणूला जखडलेलं. ती बेडी तोडणारं विकर असतं उजवीत. दोन्ही रस अंड्यांभोवती भेटले, की पांढरं, मऊ आवरण हळूहळू तांबूस, मग तपकिरी होत टणक बनतं. दोन ट्यूबमधला गोंद एकत्र कालवल्यावरच घट्ट होतो, अगदी तसं.

मग एखादी सुरक्षित फट शोधून मादी लाळेने डबी चिकटवते आणि निघून जाते. छोटं जर्मन झुरळ मात्र पिल्लं बाहेर पडायची वेळ येईपर्यंत डबी पोटाशी घेऊन हिंडतं, कारण आतल्या अंड्यांना आईच्या शरीरातूनच पाणी मिळतं.

आणि ते दाते? डबी इतकी पक्की बंद, तर आत श्वास कसा चालतो? त्या कडेतून अंड्यांपर्यंत हवेच्या सूक्ष्म वाटा गेलेल्या असतात.

साधारण दीड-दोन महिन्यांनी तीच कड उकलते. आतली पिल्लं हवा गिळून फुगतात आणि साऱ्यांच्या एकत्र रेट्याने शिवण उसवते. बाहेर येतात ती दुधासारखी पांढरी, बिनपंखांची. काही तासांत त्यांना रंग चढतो. इथे अळी नाही, कोष नाही. पिल्लू पहिल्या दिवसापासून झुरळासारखंच दिसतं. दहा-तेरा वेळा कात टाकल्यावर, शेवटच्या कातीनंतर पूर्ण पंख येतात.

पिल्लं निघून गेल्यावर ती कड बहुधा पुन्हा मिटते. म्हणून हातातली डबी भरलेली आहे की रिकामी, हे नुसतं बघून सांगता येत नाही.