अनेक स्पीकर, एक ध्वनिक्षेत्र : महाविद्यालयीन सभागृहातील ध्वनियोजना

प्रस्तावना :

सभागृहाच्या मागच्या रांगेतील विद्यार्थ्यास आवाज ऐकू येतो, परंतु शब्द कळत नाहीत, ही तक्रार अनेक महाविद्यालयांच्या परिचयाची आहे. त्यावर आणखी दोन स्पीकर बसविण्याचा उपाय योजला जातो आणि पुष्कळदा त्याने अस्पष्टतेत भरच पडते. स्पीकर एका तारेने जोडले म्हणजे त्यांचे एक ध्वनिक्षेत्र होतेच असे नाही. समान ध्वनिसंकेत, योग्य विद्युतजोडणी आणि आवाज कानापर्यंत पोहोचण्याच्या वेळेचा मेळ या तिन्ही गोष्टी त्यासाठी साधाव्या लागतात. प्रस्तुत लेखात तिसऱ्या, बहुधा दुर्लक्षित राहणाऱ्या अंगाचा विशेष विचार केला आहे.

जोडणी :

8 ओहमचे चार स्पीकर समांतर जोडल्यास एकूण रोध 2 ओहम होतो. अनेक अॅम्प्लिफायर 4 ओहमपेक्षा कमी रोधासाठी बनविलेले नसतात. ते तापतात, प्रसंगी निकामी होतात. म्हणून लांब तारा व अनेक स्पीकर असतील तेथे 100 व्होल्ट लाइनची पद्धत सोयीची ठरते. तीत प्रत्येक स्पीकरला लहान ट्रान्सफॉर्मर असतो व त्यावर वॅट निवडता येतात. 10 वॅटवर ठेवलेले 12 स्पीकर म्हणजे 120 वॅट. त्यासाठी 150 वॅटचा अॅम्प्लिफायर घेतल्यास पुरेशी सवड राहते. सर्व स्पीकरची धन व ऋण टोके एकाच क्रमाने जोडावीत. एखादा स्पीकर उलटा जोडला गेल्यास शेजारच्या स्पीकरशी त्याच्या ध्वनिलहरी परस्परांना मारतात व आवाज पोकळ भासतो.

वेळेचा मेळ :

विजेचा संकेत सर्व स्पीकरपर्यंत जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतो. हवेतील ध्वनी मात्र 25 अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे 346 मीटर एवढेच अंतर कापतो. मागील श्रोता व्यासपीठाजवळील स्पीकरपासून 24 मीटर व जवळच्या स्पीकरपासून 4 मीटर दूर असल्यास दोन आवाजांत सुमारे 58 मिलिसेकंदांचे अंतर पडते. एवढ्या अंतराने आलेले बोलणे दुहेरी ऐकू येऊ लागते व व्यंजने एकमेकांत मिसळतात. आवाज वाढविला तर दोन्ही प्रती मोठ्या होतात, इतकेच!

यावरील उपाय हेल्मुट हास यांनी 1949 साली ग्योटिंगेन विद्यापीठात केलेल्या संशोधनातून मिळतो. तोच आवाज 10 ते 30 मिलिसेकंद उशिरा आला, तर कान दोन्ही एकच मानतो व पहिला आवाज ज्या दिशेने आला तीच दिशा खरी समजतो. मग दुसरा काहीसा मोठा असला तरी चालते. यास्तव मागील स्पीकरला डिले यंत्राद्वारे 58 अधिक सुमारे 12, म्हणजे 70 मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. जवळचा स्पीकर स्पष्टता पुरवितो, तरी वक्ता व्यासपीठावरूनच बोलत असल्याचे जाणवते. तापमान 20 वरून 40 अंशांवर गेले तरी या उदाहरणात फरक जेमतेम 2 मिलिसेकंदांचा पडतो. ऋतूनुसार मांडणी बदलण्याचे कारण नाही.

बिनतारी स्पीकरबाबत सावधगिरी हवी. ब्लूटूथ स्पीकरचा अंगभूत विलंब उपकरणागणिक वेगळा असल्याने तारेच्या स्पीकरांशी त्यांचा मेळ बसविणे कठीण असते. नेटवर्कवरील घरगुती स्पीकर समूह समान घड्याळावर चालतात, परंतु त्यासाठी ते ध्वनी काही काळ साठवून ठेवतात. संगीतास ते चालते. समोर वक्ता प्रत्यक्ष बोलत असताना त्याचे ओठ आधी हलतात व शब्द मागाहून येतात.