कपाटातील दुर्बीण

२१ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी नैर्ऋत्येच्या आकाशात गुरू आणि शनी परस्परांच्या इतके निकट आले होते की, दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात दोघेही मावत. १६२३ नंतर ते इतके जवळ आले नव्हते. त्या सायंकाळी आमच्या शाळेची दुर्बीण कपाटात कुलूपबंद होती आणि किल्ली माझ्या खिशात होती. महासाथीमुळे वर्ग बंद होते हे खरे. परंतु त्यापूर्वीही ‘मुले मोडतील’ या धास्तीने मी ती वर्षानुवर्षे तेथेच ठेविली होती. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने दूरध्वनीवर विचारले, ‘‘सर, तुम्ही दुर्बिणीतून पाहिलंत ना?’’ मला उत्तर देता आले नाही.

पुढे ती दुर्बीण बाहेर काढली आणि पन्नाशीत मी विद्यार्थी झालो. आपल्यापैकी अनेक घरांत मुलांसाठी दुर्बीण घेण्याचा विचार चालू असेल. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे चार अनुभवाचे शब्द.

खोक्यावर ‘५२५ पट’ असे छापलेले असते. त्याला भुलू नये. दुर्बिणीचे सामर्थ्य तिच्या पुढील भिंगाच्या व्यासात असते, कारण प्रकाश गोळा करणे हेच तिचे मुख्य कार्य. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या सुमारे दुप्पट एवढेच विवर्धन कामाचे. ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीस १४० पट ही मर्यादा. नाभीय अंतरास नेत्रभिंगाच्या अंतराने भागले की विवर्धन मिळते. ७०० मिलिमीटरच्या नळीला २५ चे नेत्रभिंग लावले तर २८ पट, १० चे लावले तर ७० पट. आरंभ नेहमी कमी विवर्धनाने करावा. तिकाटणे मात्र भक्कम हवे. ते डळमळले तर उत्तम भिंगही व्यर्थ.

पहिला धडा दिवसाउजेडी घ्यावा. दूरच्या देवळाचा कळस मुख्य दुर्बिणीत आणून शोधक दुर्बीण त्यावरच जुळवावी. सूर्याकडे मात्र दुर्बीण कदापि वळवू नये. नळीच्या पुढील तोंडावर खास सौरगाळणी बसविल्यावाचून क्षणभर पाहिले तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. नेत्रभिंगाला लावावयाच्या लहान गाळण्या उष्णतेने तडकतात. त्या वापरूच नयेत.

चंद्र पाहावा तो शुक्ल अष्टमीच्या सुमारास. पौर्णिमेला सावल्याच नसल्याने विवरे सपाट भासतात. १६१० साली गॅलिलिओने पाहिलेले गुरूचे चार चंद्र लहान दुर्बिणीतही रांगेने दिसतात आणि रोज जागा बदलतात. सप्तर्षींतील वसिष्ठ-अरुंधती आपण विवाहप्रसंगी दाखवितो. दुर्बिणीत खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा आहे असे दिसते! शनीची कडी मार्च २०२५ मध्ये धारेवर आली होती. आता ती पुन्हा हळूहळू उघडत आहेत. माझ्या मातुःश्रींनी आयुष्यभर शनिवारी शनीला तेल वाहिले. गच्चीवर एकदा त्यांना शनी दाखविला. बराच वेळ पाहून त्या म्हणाल्या, ‘‘एवढा देखणा आहे होय हा!’’

छायाचित्रणाची सुरुवात चंद्रापासून करावी. खिशातील मोबाईल नेत्रभिंगाशी धरणाऱ्या पकडीने बसवावा, चंद्रबिंबावर बोट टेकवून उजेड कमी करावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावावा, म्हणजे हाताचा हादरा चित्रात उतरत नाही. ताऱ्यांची चित्रे याहून अवघड. पृथ्वी फिरते आणि तारे रेघांसारखे उमटतात. ५० मिलिमीटर भिंगाच्या स्थिर कॅमेऱ्याने दहा सेकंदांपलीकडे जाऊ नये. अधिक काळ टिपावयाचे तर ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षावर फिरणारे बैठकयंत्र लागते. आम्हां माळवेकरांना हे तत्त्व परके नाही. सवाई जयसिंगांनी उभारलेल्या आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी जीर्णोद्धार केलेल्या उज्जैनच्या वेधशाळेत सम्राट यंत्राची तिरपी भिंत क्षितिजाशी सुमारे २३ अंशांचा कोन करून ध्रुवाकडेच रोखलेली आहे. इंदूरच्या गच्चीवर दुर्बिणीचा अक्षही जवळजवळ तेवढाच उचलावा लागतो.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते; नळीबरोबर सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. भिंग धोतराच्या सोग्याने किंवा पदराने पुसू नये. धूळ फुंकणीने उडवावी. परंतु दुर्बिणीला सर्वांत मोठे भय धुळीचे नव्हे, बंद कपाटाचे असते.

गुरू-शनी २०४० मध्ये पुन्हा भेटतील. परंतु २०२० इतके निकट येतील ते मार्च २०८० मध्ये. तेव्हा मी नसेन. मला प्रश्न विचारणारी ती मुलगी कदाचित नातवंडांना घेऊन गच्चीवर उभी असेल. कपाटाची किल्ली मी आता मुलांच्या स्वाधीन केली आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या हातून एक नेत्रभिंग पडून फुटले. दुसरे आणविले.