शिकविणाऱ्याचा पाठीराखा

कसबी फिटर काम करताना तुम्ही पाहिला आहे का? लोखंडाचा ओबडधोबड तुकडा तो व्हाइसमध्ये आवळतो, कानस चालवतो, मधूनच गुण्या लावून उजेडाकडे धरतो, आणि बघता बघता तुकड्याची बाजू काटकोनात येते. आता याच माणसाला वीस पोरांपुढे उभे करा आणि म्हणा, ‘बाबा रे, हे यांना शिकव.’ पुष्कळदा त्याची जीभ अडखळते. हाताला जे येते ते तोंडाला येतेच असे नाही.

करणे ही एक विद्या, करायला शिकविणे ही दुसरी. आपल्याकडे हे फार पूर्वीच ओळखले गेले. कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली १९५० साली. पण निदेशक तयार करणारी संस्था बिलासपूरजवळ कोनी येथे १९४८ मध्येच निघाली होती. आजही निदेशकांसाठी वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आणि तो हवाच. पण तो पुरा करून नवा निदेशक यंत्रशाळेत पाऊल टाकतो, तेव्हा त्याच्यासोबत कोण असते? बहुधा कोणीच नसते.

मी कॉलेजात शिकवितो. पहिल्या वर्षी माझ्या तासाला एकही ज्येष्ठ सहकारी येऊन बसला नाही. माझे कुठे चुकत होते हे मला चार वर्षांनी कळले, तेही एका विद्यार्थ्याकडून! माझ्या चुकीने फार तर एखादी कविता पोरांच्या डोक्यावरून गेली असेल. यंत्रशाळेत मात्र चुकीची किंमत एखाद्या पोराला बोट देऊन चुकवावी लागते.

म्हणून नव्या निदेशकाला पाठीराखा हवा. तो करतो काय? समजा, एका पोराची कानस डुलते आहे आणि त्यामुळे तुकड्याच्या कडा गोलावत आहेत. नवा निदेशक म्हणतो, ‘आण इकडे,’ आणि स्वतःच कडा सरळ करून देतो. काम झाले, पण पोरगा शिकला नाही. मागे बसलेला ज्येष्ठ हे पाहतो, मात्र वर्गात अवाक्षर काढत नाही. पोरे गेल्यावर चहा घेता घेता विचारतो, ‘काय हो, आजचा जॉब पोराने केला की तुम्ही?’

एवढा एक प्रश्न पुरतो. दुसऱ्या दिवशी निदेशक कानस पोराच्याच हातात ठेवतो. पाय कसे रोवायचे, जोर पुढे जाताना द्यायचा आणि मागे येताना सोडायचा, हे शब्दांत सांगू लागतो.

पाठीराख्याची तीन पथ्ये आहेत. आधी पाहावे, मग बोलावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी. दहा दोष एकदम दाखविले की माणूस खचतो. आणि तिसरे, सर्वांत महत्त्वाचे : पाठीराखा म्हणजे तपासनीस नव्हे. आज पाहिलेले उद्या साहेबांच्या अहवालात उतरणार असेल, तर आपली अडचण मोकळेपणी कोण सांगेल? निदेशक चूक झाकील, आणि झाकलेली चूक पोरांच्या हातांत मुरेल.

यात ज्येष्ठाचाही लाभ आहे. तो साध्या लेथवर वाढलेला. संगणकाच्या आज्ञेने चालणारी सीएनसी यंत्रे तरुणाला अधिक अवगत. एकाने शिकविण्याची खुबी द्यावी, दुसऱ्याने नव्या यंत्राची.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यापीठ-महाविद्यालयांतील अध्यापकांना ज्येष्ठ व निवृत्त अध्यापकांचे मार्गदर्शन मिळावे, अशी योजना सुचविली आहे. मग यंत्रशाळेतल्या गुरुजींनी का मागे राहावे?

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी निवृत्त निदेशक असाल, कारखान्यातले जुने फोरमन असाल, तर जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटा. आठवड्यातली एक दुपार मागच्या बाकावर बसा, पाहा, आणि नंतर चहाला एकच प्रश्न विचारा. तुमच्या हातातली विद्या तुमच्याबरोबर घरी बसून राहणार नाही.